जाऊ द्या कोचला, पण हिशेब चुकता करून

१७ मार्च २०२२, गुरुवार. जर्सी सिटीच्या न्यूअर्क अव्हेन्यूवरच्या ज्या दुकानातून मी गेली कित्येक वर्षं पोहे, शेंगदाणे आणि गोडा मसाला आणतो, तिथल्या टीव्हीवर एरवी क्रिकेट तरी चालू असतं, नाहीतर सासू-सुनांची एखादी मालिका. त्या संध्याकाळी बास्केटबॉल होतं. दुकानाचे मालक, मूळचे वसईचे काका, गल्ल्यामागे रिमोट घेऊन उभेच होते. माझ्या पिशवीकडे त्यांचं लक्षही नव्हतं. "थांब जरा, आपला मोर खेळतोय," म्हणाले.

मोर म्हणजे सेंट पीटर्स विद्यापीठाचा संघ, पीकॉक्स. दुकानापासून चालत गेलं तर अर्ध्या तासाच्या आत पोचाल. दोन-अडीच हजार विद्यार्थ्यांचं लहानसं जेझुइट विद्यापीठ. आमच्यातल्या अनेकांना त्याची इमारत ठाऊक होती ती केनेडी बुलेवार्डवरच्या बसच्या खिडकीतून दिसते म्हणून. मार्च मॅडनेस ही विद्यापीठांची राष्ट्रीय बाद स्पर्धा चालू होती, आणि समोर होतं केंटकी. सेंट पीटर्सच्या बास्केटबॉल संघाचा वर्षाचा सगळा खर्च सोळा लाख डॉलरच्या आसपास, आणि केंटकीच्या एकट्या कोचचा पगार ऐंशी लाखांच्या वर. तरी जादा वेळेत मोर ८५-७९ असा जिंकला. दोन दिवसांनी मरी स्टेटला हरवलं, पुढच्या शुक्रवारी पर्ड्यूला. पंधरावं, म्हणजे जवळजवळ तळाचं मानांकन असलेला संघ शेवटच्या आठांत पोचला, तो या स्पर्धेच्या इतिहासात पहिल्यांदाच. २७ मार्चला नॉर्थ कॅरोलायनाने ६९-४९ असं झोपवलं, आणि ३० मार्चला बातमी आली की कोच शहीन हॉलोवे न्यू जर्सीतल्याच मोठ्या सीटन हॉल विद्यापीठाला चालले.

तीन दिवस. काकांच्या दुकानात मोराचं चित्र छापलेला कागद अजून काचेला चिकटलेला होता. "तीन दिवस तरी थांबायचं," ते म्हणाले. मीही मान डोलावली होती. आज डोलावणार नाही.

कोचने जावं की राहावं, हा प्रश्न अमेरिकेत दर मार्चला नव्याने विचारला जातो. विद्यापीठांच्या पहिल्या श्रेणीत साडेतीनशेहून जास्त पुरुष संघ वेगवेगळ्या गटांत खेळतात. त्यांतले चार-पाच गट गडगंज, कारण टीव्हीचा पैसा त्यांच्याकडे वाहतो. उरलेल्यांना लोक मिड-मेजर म्हणतात. नावातच मेख आहे: मोठे नाही, पण अगदीच किरकोळही नाही. अशा एखाद्या संघाने मार्च मॅडनेसमध्ये दोन सामने मारले की पत्रकार परिषदेत, शेजारी वीस-एकवीस वर्षांची घामेजलेली पोरं बसलेली असताना, कोचला विचारतात, "तुम्ही पुढच्या वर्षी इथे असाल ना?" तो म्हणतो, मी इथे अतिशय आनंदात आहे. त्याचा एजंट त्याच वेळी दुसऱ्या खोलीत फोनवर असतो. हे नाटक सगळ्यांना पाठ आहे. मॅकनीज स्टेटच्या विल वेडने २०२५च्या स्पर्धेत नॉर्थ कॅरोलायना स्टेटशी चाललेली बोलणी लपवली नाहीत, तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या. पण त्याच्या पोरांनी क्लेमसनला हरवून त्या विद्यापीठाचा या स्पर्धेतला पहिलावहिला विजय मिळवला. खरं ऐकून पोरं कोसळली नाहीत. वेड हा काही सद्गुणांचा पुतळा नव्हे. आधी लुइझियाना स्टेटने (एलएसयू) त्याला नियमभंगाच्या आरोपांवरून काढलं होतं. पण या एका बाबतीत तो इतरांपेक्षा सरळ वागला.

माझं म्हणणं साधं आहे. चांगला कोच जाणार, आणि त्याने जावं. त्यात गद्दारी शोधणं हा आपला भाबडेपणा आहे. भांडायचं असेल तर तो जाताना काय घेऊन जातो आणि मागे काय ठेवतो यावर भांडा.

आधी निष्ठेचं बघू. ती मागायची असेल तर दोन्ही बाजूंनी मागावी लागेल. २०२३ मध्ये टोबिन अँडरसन हे नाव गाजलं. त्याच्या फेअरली डिकिन्सनने, म्हणजे आमच्याच न्यू जर्सीच्या आणखी एका छोट्या विद्यापीठाने, पहिल्या मानांकनाच्या पर्ड्यूला हरवलं. सोळाव्या मानांकनाने पहिल्याला हरवण्याची ही पुरुषांच्या स्पर्धेतली दुसरीच वेळ. काही दिवसांत तो आयोना विद्यापीठाला गेला. एकाच हंगामात सोडून गेला म्हणून बोलणी खाल्ली. आयोनाने त्याला दोन हंगामांनंतर नारळ दिला, तेव्हा विद्यापीठाच्या निष्ठेबद्दल कुणी अग्रलेख लिहिला नाही. दुसरं उदाहरण तर नाटकात शोभावं असं. लाँग बीच स्टेटला सतरा वर्षं काढलेल्या डॅन मॉन्सनला मार्च २०२४ मध्ये विद्यापीठाने सांगितलं, हंगाम संपला की आपले मार्ग वेगळे. त्यानंतर त्याच आठवड्यात त्याने गटाची स्पर्धा जिंकून दिली आणि संघाला मार्च मॅडनेसला नेलं. निर्णय बदलला नाही. धंदा असाच चालतो, ठीक आहे. पण मग कोचने तेवढा धर्म पाळावा ही अपेक्षा कशाच्या जोरावर?

हा मॉन्सन लक्षात ठेवा, कारण राहण्याच्या बाजूने बोलणाऱ्यांचा हुकमाचा पत्ता त्याच्याच पाठीमागून निघतो.

तो पत्ता म्हणजे मार्क फ्यू. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन शहरातलं गोन्झागा. १९९९ मध्ये मॉन्सनने हा संघ शेवटच्या आठांत नेला आणि उन्हाळ्यात मिनेसोटाला गेला, जास्त पैशाला, जास्त मोठ्या गटात. त्याच्या जागी आला त्याचा सहायक फ्यू. तेव्हापासून फ्यू तिथेच आहे. दरवर्षी कुठल्या ना कुठल्या बड्या विद्यापीठासाठी त्याचं नाव चालायचं आणि दरवर्षी तो स्पोकेनच्या आसपासच्या नद्यांवर मासे पकडत राहायचा. २०१७ आणि २०२१ अशा दोनदा अंतिम सामना. मॉन्सन मिनेसोटात फारसा रमला नाही, २००६ मध्ये पायउतार झाला. बघा, म्हणतात लोक, जो राहिला तो मोठा झाला.

मला हा दाखला पटत नाही. फ्यू राहिला हे खरं, पण तो १९९९च्या गोन्झागात राहिला का? तेव्हाचा संघ चार हजारांच्या जुन्या व्यायामशाळेत खेळायचा. २००४ मध्ये सहा हजारांचं नवं सभागृह उभं राहिलं. पगार वाढले, प्रवासाची विमानं बदलली, परदेशातून खेळाडू यायला लागले. २०२४ मध्ये तर गोन्झागाने २०२६च्या उन्हाळ्यापासून नव्याने बांधलेल्या पॅक-१२ गटात जायचं जाहीर केलं. म्हणजे फ्यूला मोठ्या घरी जावंच लागलं नाही. ज्या घरात होता त्याच्यावरच मजले चढत गेले. ज्या विद्यापीठाला मजले चढवायचे नाहीत, किंवा ऐपत नाही, त्याने कोचला फ्यूचं उदाहरण देणं म्हणजे भाडेकरूला वाड्याच्या मालकाची चिकाटी सांगण्यासारखं आहे.

डेव्हिडसनचे बॉब मॅकिलॉप ३३ वर्षं राहिले हेही सांगतात. राहिले. स्टीफन करी नावाचा काटकुळा पोरगा त्यांनी हेरला, २००८ मध्ये कॅन्ससविरुद्ध अवघ्या दोन गुणांनी शेवटच्या चारांची दारं बंद झाली, आणि तरी ते राहिले. मला त्यांच्याबद्दल अपार आदर आहे. पण एका माणसाच्या स्वभावातून नियम निघत नाही.

आता दुसरी बाजू, जिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. इंडियानापोलिसच्या बटलर विद्यापीठाची गोष्ट घ्या. बॅरी कॉलियरने संघ उभा केला आणि २००० मध्ये तो नेब्रास्काला गेला. त्याच्या जागी बटलरचाच माजी खेळाडू आणि सहायक थॅड मॅटा आला. तो एका हंगामात झेवियरला गेला. मग सहायक टॉड लिकलायटर. तो २००७ मध्ये आयोवाला गेला. मग पुन्हा सहायकच, जेमतेम तिशीचा ब्रॅड स्टीव्हन्स, जो काही वर्षांपूर्वी औषध कंपनीतली बरी नोकरी सोडून इथे जवळजवळ फुकट राबायला आला होता. स्टीव्हन्सने २०१० आणि २०११ अशी लागोपाठ दोन वर्षं अंतिम फेरी गाठली. २०१० मध्ये ड्यूकविरुद्ध शेवटच्या क्षणी अर्ध्या मैदानावरून गॉर्डन हेवर्डने फेकलेला चेंडू फळीला लागून रिंगवर आपटला आणि बाहेर पडला. दोन गुणांनी हार. तो चेंडू आत गेला असता तर अमेरिकन खेळाच्या इतिहासातलं एक पान वेगळं असतं. २०१३ मध्ये स्टीव्हन्सही गेला, थेट व्यावसायिक बास्केटबॉलमधल्या बॉस्टन सेल्टिक्सला.

मोजा: स्टीव्हन्सच्या आधी तीन जण सोडून गेले होते. कॉलियर हटून बसला असता तर स्टीव्हन्स कदाचित त्या औषध कंपनीतच निवृत्त झाला असता. प्रत्येक वेळी मागची खुर्ची रिकामी नव्हती, म्हणून बटलर टिकलं. सॅन दिएगो स्टेटचंही तेच. स्टीव्ह फिशरच्या हाताखाली वर्षानुवर्षं दुसऱ्या खुर्चीवर बसलेल्या ब्रायन डचरने २०१७ मध्ये सूत्रं घेतली आणि २०२३ मध्ये अंतिम सामना खेळला. गोन्झागाची सगळी कमाईसुद्धा मॉन्सनच्या जाण्यातूनच सुरू झाली हे विसरू नका.

आपल्याकडे हे कळायला बास्केटबॉलची गरज नाही. चंद्रकांत पंडित विदर्भाला गेले, ज्या संघाला रणजीत कुणी मोजत नव्हतं त्याला लागोपाठ दोनदा करंडक मिळवून दिला, मग मध्य प्रदेशला गेले आणि २०२२ मध्ये त्यांनाही जिंकून दिलं. हरवलं कुणाला, तर मुंबईला. पंडित गेल्यावर विदर्भ संपलं असं म्हणणारे होते. २०२४-२५चा करंडक विदर्भाने नागपुरात पुन्हा उचलला. घर एका खांबावर उभं नव्हतं.

इथपर्यंत लिहून थांबलो असतो तर लेख सुटसुटीत झाला असता. पण दहा वर्षांपूर्वी जे खरं होतं ते आज तितकं खरं नाही.

पूर्वी कोच एकटा जायचा. खेळाडूने विद्यापीठ बदललं तर त्याला एक वर्ष बाकावर बसावं लागे. कोच सोमवारी इथे नि गुरुवारी तिथे, आणि ज्या पोराला त्याने घरी जाऊन, आईसमोर बसून वचन दिलं त्याने मात्र वर्षभर नुसता सराव करायचा, हा नियम उघडउघड अन्यायाचा होता. २०२१ मध्ये तो सुटला, ते उत्तमच झालं. त्याच उन्हाळ्यात खेळाडूंना आपल्या नावावर पैसे कमावायची मुभा मिळाली. २०२५ मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देऊ लागली. पहिल्या वर्षी एका विद्यापीठाला सगळ्या खेळांत मिळून २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत. ही मर्यादा बड्यांसाठी. सेंट पीटर्ससारख्यांना त्या आकड्याच्या शेपटालाही हात लावता येत नाही.

परिणाम असा की आता कोच जातो तेव्हा घर रिकामं होतं. फ्लोरिडा अटलांटिकच्या डस्टी मेने २०२३ मध्ये शेवटच्या चारांत पोचूनसुद्धा एक वर्ष कळ काढली. खेळाडूही जवळपास सगळे राहिले. लोकांनी डोक्यावर घेतलं, बघा अजून निष्ठा आहे म्हणाले. पुढच्या मार्चमध्ये पहिल्याच सामन्यात संघ बाद झाला आणि डस्टी मे मिशिगनला गेला. त्याचा सात फुटांहून उंच व्लादिस्लाव गोल्डिन त्याच्यामागून मिशिगनला, जॉनेल डेव्हिस आर्कान्सासला, अलायजा मार्टिन फ्लोरिडाला. मार्टिन तर वर्षभरात राष्ट्रीय विजेत्या संघातून खेळला. प्रत्येकाने स्वतःपुरता बरोबरच निर्णय घेतला. मागे राहिलं ते एक सभागृह आणि भिंतीवरचा झेंडा.

ड्रेक विद्यापीठाची तऱ्हा आणखी अर्क. बेन मॅकॉलम दुसऱ्या श्रेणीतल्या नॉर्थवेस्ट मिझुरी स्टेटला चार विजेतेपदं देऊन २०२४ मध्ये ड्रेकला आला, येताना तिथले चार खेळाडू घेऊन. एका हंगामात ३१ विजय, फक्त ४ पराभव. आणि लगेच आयोवाला गेला, जाताना बेनेट स्टर्ट्झ आणि आणखी काही जण पुन्हा बरोबर. आयोवा हे त्याचं जन्मगाव असलेल्या शहरातलं विद्यापीठ, त्यामुळे त्याला दोष देणं जड जातं. पण नॉर्थवेस्ट मिझुरीचा विचार करा. ज्या पोरांना त्यांनी घडवलं, त्यांच्या जोरावर दोन पायऱ्या वरचा संघ उभा राहिला, आणि त्यांच्या हाती दमडी नाही.

२०२५च्या स्पर्धेत शेवटच्या सोळांमध्ये एकही मिड-मेजर नव्हता. सोळाही संघ चार बड्या गटांतले. १९८५ मध्ये स्पर्धा मोठी झाल्यापासून असं कधी झालं नव्हतं. एका वर्षावरून भाकीत करू नये, पण या आकड्याला कारणं आहेत आणि ती जाणारी नाहीत.

म्हणून माझी मागणी. कोचच्या करारात बायआउट असतो: मुदतीआधी गेला तर जुन्या विद्यापीठाला ठरलेली रक्कम द्यायची. कागदावर ती कोचने द्यायची असते, खिसा बहुतेकदा नव्या विद्यापीठाचा रिकामा होतो. या कलमात एक ओळ वाढवा. कोच गेल्यावर त्याच उन्हाळ्यात त्याच्यामागून जितके खेळाडू त्याच विद्यापीठात जातील, तितक्या हिशेबाने रक्कम वाढेल. पैसा खेळाडूच्या वाट्यातून जाणार नाही, त्याला कुणी अडवणारही नाही. फुटबॉलच्या जगात हे नवं नाही. खेळाडू विकला गेला की त्याला लहानपणी घडवणाऱ्या क्लबांना रकमेचा काही हिस्सा पोचवायची पद्धत फिफाने घालून दिलेलीच आहे.

याला देशपातळीवरचा नियमही लागत नाही, आणि ते बरंच आहे, कारण नियम केला की कोर्ट तो मोडीत काढतं, हे गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा दिसलं. हा दोन पक्षांमधला साधा करार आहे. नामांकित कोच असल्या कलमावर सही करणार नाही, हे मला माहीत आहे. पण मिड-मेजरकडे नामांकित कोच येतो कधी? तो येतो तेव्हा कुणाचा तरी सहायक असतो, चाळिशीच्या अलीकडचा, पहिल्या संधीसाठी आसुसलेला. त्या दिवशी टेबलावर वरचढ कोण असतं, ते विद्यापीठांनी ओळखावं.

एक आक्षेप मात्र खरा आहे, तो झटकून टाकणार नाही. रक्कम वाढते म्हणून नवं विद्यापीठ एखाद्या मधल्या फळीतल्या पोराला घ्यायला कचरेल, आणि ज्या खेळाडूंना आपण इतक्या वर्षांनी मोकळं केलं त्यांच्या पायात पुन्हा बारीकशी साखळी पडेल. म्हणून रक्कम माफक हवी, आणि ज्याने पदवी पूर्ण केली त्याला यातून सोडलंच पाहिजे. तरीही एखाद्याचं नुकसान होईल. आज सगळं नुकसान लहान विद्यापीठ आणि तिथे मागे उरलेली पोरं सोसतात. त्यातला थोडा भाग जाणाऱ्या खेळाडूकडे सरकेल, हे मला मान्य आहे.

आलेल्या पैशाचं काय करायचं, यावरही माझं मत आहे, कुणी विचारलं नसलं तरी. नवी स्क्रीन लावू नये, पोडियम संगमरवरी करू नये. दुसऱ्या खुर्चीवरच्या माणसाला पगार द्यावा. स्पर्धेतल्या प्रत्येक सामन्यामागे गटाला सहा वर्षांत मिळून ढोबळमानाने वीस लाख डॉलर मिळतात आणि ते गटातल्या विद्यापीठांत वाटले जातात. म्हणजे २०२२च्या मोराची कमाई हॉलोवे गेल्यानंतर वर्षानुवर्षं येत राहिली. त्यातून सहायकांच्या हाती किती पडलं असेल, याचा अंदाज त्या धंद्यातला कुणीही हसून सांगेल.

गेलेल्यांचं पुढे काय होतं ते मोठ्या विद्यापीठांनी आणि जाणाऱ्यांनीही बघावं. शाका स्मार्टने व्हर्जिनिया कॉमनवेल्थ विद्यापीठाला (व्हीसीयू) २०११ मध्ये शेवटच्या चारांत नेलं, चार वर्षं मोह टाळला, मग टेक्ससला गेला. सहा वर्षांत तिथे त्याला या स्पर्धेतला एकही सामना जिंकता आला नाही. शेवटचा पराभव तर अ‍ॅबिलीन ख्रिश्चन नावाच्या चिमुकल्या विद्यापीठाकडून. लोयोला शिकागो सोडून गेलेल्या पोर्टर मोझरला ओक्लाहोमात पहिल्यांदा मार्च बघायला चौथं वर्ष उजाडलं. आणि रायन ओडम? २०१८ मध्ये त्याच्या यूएमबीसीने, म्हणजे मेरीलँडमधल्या एका छोट्या विद्यापीठाने, पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला २० गुणांनी धूळ चारली होती. मग युटा स्टेट, मग व्हीसीयू, आणि २०२५ मध्ये त्याच व्हर्जिनियाने त्याला कोच म्हणून नेमलं. लहानपणी तो तिथेच चेंडू उचलून देणारा पोरगा होता, कारण त्याचे वडील त्या संघाचे सहायक कोच होते. अशा माणसाला तू का गेलास म्हणून विचारायचं, तर कुठल्या घरातून कुठल्या घरात गेला ते आधी ठरवावं लागेल.

हॉलोवेचंही तसंच. सीटन हॉल हे त्याचं स्वतःचं कॉलेज. तो तिथेच खेळला. आमच्या मोरांपैकी केसी एंडेफो त्याच्यामागून तिकडे गेला, मिशीवाला डग एडर्ट ब्रायंटला, डॅरिल बँक्स सेंट बोनाव्हेंचरला. २०२४-२५ मध्ये सीटन हॉलने २५ सामने हरले. तेव्हा त्या भल्या मोठ्या पायरीवरून खाली बघताना त्याला कसं वाटलं असेल, ते त्यालाच ठाऊक.

आणि इकडे, सेंट पीटर्सने वॅग्नरहून बशीर मेसनला आणलं. रिकाम्या घरातून त्याने पुन्हा संघ बांधला आणि दोनच वर्षांत गटाची स्पर्धा जिंकून पुन्हा मार्च मॅडनेस गाठला. २१ मार्च २०२४च्या रात्री समोर टेनेसी होतं. काकांच्या दुकानात आम्ही तिघेचौघे होतो. मध्यंतरापर्यंतच निकाल कळून चुकला होता, शेवटी ८३-४९.

"हा नवा पण जाईल का रे?" काकांनी विचारलं.

"काका, पुढच्या वर्षी असाच जिंकत राहिला तर नक्की जाईल."

"मग हाताखाली कोण आहे त्याच्या?"

मला नाव आठवेना. काकांनी टीव्ही बंद केला आणि शटर अर्धं खाली ओढलं.